नोकरीचा अर्ज : विनंति आणि प्रमाण

काव्य, नाटक, कथा व निबंध यांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. बखरी आणि जुना पत्रव्यवहार यांनाहि अभ्यासकांनीं मानाचें स्थान दिलें. परंतु ज्या लेखनाकडे बहुतेक सुशिक्षित मनुष्यांना आयुष्यांत एकदां तरी वळावें लागतें, आणि ज्याच्या यशापयशावर कित्येकदां घरची चूल अवलंबून असते, तो नोकरीचा अर्ज मात्र या मानाला मुकला आहे. याचें कारण उघड आहे. लिहिणाराला तो लिहून झाल्यावर विसरावयाचा असतो आणि वाचणाराला तो वाचून झाल्यावर बाजूला सारावयाचा असतो. तरीसुद्धां जे थोडे अर्ज काळाच्या तडाख्यांतून वांचले आहेत ते नीट वाचले, म्हणजे मनुष्य आपली लायकी परक्या माणसाला कशी पटवितो या प्रश्नाचा एक लहानसा इतिहासच हातीं येतो. तो वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

आज अर्जाचे दोन भाग पडले आहेत. एक भाग जन्मतारीख, परीक्षा, पूर्वीच्या नोकऱ्या इत्यादि माहितीच्या तक्त्याचा. आणि दुसरा त्या तक्त्यासोबत जाणाऱ्या पत्राचा. तक्ता हा केवळ हिशेब आहे. त्यांत मनुष्य बोलत नाहीं; तो बोलतो तें सोबतच्या पत्रांत. म्हणून आमचा विषय तें पत्र हाच आहे. आणि त्याविषयीं आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या पत्राचा जन्म विनंतीच्या पोटीं झाला. पण ज्या पत्रांनीं खरोखर कांहीं साधलें तीं विनंतीच्या बळावर नव्हे, तर प्रमाणाच्या बळावर. ‘मला गरज आहे’ ही विनंति. ‘तुमचें काम मला करतां येतें, आणि हा पाहा त्याचा पुरावा’ हें प्रमाण.

विनंतीचा वारसा तर आपल्या शब्दांतच दडलेला आहे. ‘अर्ज’ हा शब्द मूळचा अरबी, फारशीच्या वाटेनें मराठींत आला. वरिष्ठापुढें आपलें म्हणणें सादर करणें हा त्याचा अर्थ. ‘उमेद’ म्हणजे आशा. तेव्हां ‘उमेदवार’ म्हणजे केवळ आशा धरून बसलेला मनुष्य. जुन्या कचेऱ्यांतून असे उमेदवार पगाराविना कारकुनी करीत, दप्तरें उलगडून देत, वरच्यांचें अक्षर गिरवीत, आणि एखादी जागा मोकळी होईल या आशेवर वर्षें काढीत. या पद्धतींत एक गुण होता, तो असा कीं, उमेदवाराचें काम मालकाच्या डोळ्यांसमोरच असे. त्याला पत्रानें कांहीं पटवावें लागत नसे. पण तिचा दोषहि तितकाच मोठा होता. ज्याच्या घरीं बिनपगारी बसण्याइतकें खाणें होतें, त्यालाच आशा धरून बसतां येत असे.

वरिष्ठाला पत्र लिहावयाचें तें कसें, याचें शास्त्रहि फार जुनें आहे. आपल्याकडे लेखनप्रशस्तीचे ग्रंथ होते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्या नांवावर परंपरेनें ‘मेस्तक’ नांवाचें असेंच एक प्रकरण चालत आलेलें आहे. कोणाला कोणता मायना, कोणाच्या नांवामागें कोणतीं विशेषणें, कोठें आशीर्वाद आणि कोठें दंडवत, याचे त्यांत नियम. बाराव्या शतकाच्या सुमारास इटलींत, विशेषतः बोलोन्या येथें, पत्रलेखनाचें असेंच शास्त्र भरभराटीस आलें होतें. तेथील आचार्यांनीं पत्राचे पांच भाग पाडले होते : प्रथम अभिवादन, मग वाचणाराचें मन अनुकूल करून घेणें, मग हकीकत, मग मागणी आणि शेवटीं समाप्ति. दोन्ही देश एकमेकांपासून किती दूर, पण दोघांचीहि समजूत एकच : पत्र ही पायरीची गोष्ट आहे. पायरी ओळखून मस्तक लवविलें कीं काम अर्धें झालें. हकीकतींत काय असावें याविषयीं मात्र दोन्हीकडील शास्त्रकारांना फारशी चिंता वाटलेली दिसत नाहीं.

या पार्श्वभूमीवर इ. स. १४८२ च्या सुमारास लिहिलेलें एक पत्र आजहि वाचणाराला चकित करतें. तें लिओनार्दो दा विंची यानें मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्या सेवेंत जागा मिळावी म्हणून तयार केलें. त्याचा मसुदा मिलानच्या आंब्रोझियाना ग्रंथालयांतील ‘कोदेक्स आत्लांतिकस’ या कागदसंग्रहांत आहे. लिओनार्दो त्या वेळीं सुमारें तीस वर्षांचा होता व फ्लॉरेन्समध्यें चित्रकार म्हणून त्याचें नांव झालें होतें. पण पत्रांत चित्रकलेचा उल्लेख शोधावा तर तो अगदीं शेवटाकडे सांपडतो. आरंभीं क्रमांक घालून कलमें दिलेलीं आहेत आणि तीं बहुतेक सर्व युद्धाचीं आहेत : हलके पण मजबूत पूल, वेढ्याच्या वेळीं खंदकांतील पाणी काढण्याची युक्ति, गारांसारखा दगडांचा वर्षाव करणाऱ्या सुटसुटीत तोफा, आवाज न करितां खणावयाचे भुयारी मार्ग, आंत माणसें बसवून शत्रूंत घुसवावयाचे झांकलेले रथ, समुद्रावरील लढाईचीं साधनें. शांततेच्या काळीं इमारती बांधणें व पाणी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेणें हीं कामें आपण कोणाहि इतकीं चांगलीं करूं, असें त्यापुढें म्हटलें आहे. मग मूर्तिकाम व चित्रकाम; आणि लुदोविकोच्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ ज्या कांस्य अश्वाची योजना चालू होती, तो घडविण्याची तयारी.

हा क्रम सहज पडलेला नाहीं. त्या वेळीं मिलान युद्धांत गुंतलें होतें. फेरारा व व्हेनिस यांच्यांतील लढाई १४८२ सालींच पेटली व तींत मिलान फेराराच्या बाजूला होतें. लुदोविकोला चित्रकार हवा होता, पण त्याआधीं पूल व तोफा हव्या होत्या. आणि बापाच्या नांवाचें स्मारक तर त्याच्या घराण्याच्या मानाचाच प्रश्न होता. लिओनार्दोनें ‘मी कोण आहें’ हें सांगण्याआधीं ‘तुम्हांला काय हवें आहे’ हें ओळखलें. अर्जाच्या इतिहासांतील ही मोठी क्रांति होय, असें आम्ही समजतों. एक बारीकशी गोष्टहि येथें नमूद करण्यासारखी आहे. लिओनार्दो स्वतःसाठीं लिही तेव्हां उजवीकडून डावीकडे, आरशांत धरून वाचावें लागेल असें उलटें लिही. पण हा मसुदा सरळ दिशेनें, बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी हातानें लिहिलेला आहे. स्वतःशीं बोलावयाचें तें कोणत्याहि लिपींत बोलावें. दुसऱ्याकडे जावयाचें तर त्याच्या डोळ्यांच्या दिशेनें लिहिलें पाहिजे.

तरी हें पत्र निर्दोष नाहीं. त्यांतील यंत्रांपैकीं पुष्कळशीं कागदापलीकडे गेलेलीं नव्हतीं. लिओनार्दोलाहि ही उणीव जाणवली असावी. कारण कोणाला एखादी गोष्ट अशक्य वाटली तर आपल्या बागेंत किंवा आपण म्हणाल तेथें ती करून दाखविण्यास मी तयार आहें, असें त्यानें शेवटीं लिहिलें. म्हणजे प्रमाण जवळ नव्हतें, पण प्रमाण देण्याचें वचन होतें. पुढें तो मिलानला राहिला, मोठा झाला. परंतु पत्रांतल्या क्रमानें नव्हे. त्या अश्वाची मातीची प्रचंड प्रतिमा त्यानें १४९३ पर्यंत पुरी केली. पण तिच्यासाठीं ठेविलेली धातु १४९४ सालीं तोफांसाठीं देऊन टाकण्यांत आली, आणि १४९९ त मिलान घेणाऱ्या फ्रेंचांच्या तिरंदाजांनीं ती मातीची प्रतिमाहि नेम धरण्याच्या कामीं लावली. मिलानमधील त्याच्या चाकरीची आज जगाला आठवण राहिली ती एका मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवरील ‘शेवटचें भोजन’ या चित्रामुळें. म्हणजे पत्राच्या तळाशीं दोन शब्दांत उरकलेल्या कलेमुळें!

विनंतीची जुनी चाल मात्र यानंतरहि शतकानुशतकें टिकली. आणि ती कशामुळें टिकली हें पाहावयाचें तर ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तराकडे वळावें. कंपनीच्या नोकरींत खालची पायरी ‘राइटर’ म्हणजे लेखनिकाची. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ सालीं मद्रासेस उतरला तो असाच एक लेखनिक म्हणून. या जागेसाठीं लंडनच्या संचालकांपुढें अर्ज करावा लागे. असे शेंकडों अर्ज जपून ठेविलेले आहेत आणि त्यांचा मजकूर जवळजवळ एका सांच्यांतून काढल्यासारखा आहे : अर्जदारानें लेखन व हिशेब यांचें शिक्षण घेतलें आहे, आपण सेवेस योग्य आहों अशी त्याची नम्र आशा आहे, आणि तो इमानानें वागेल. सोबत वयाचा दाखला म्हणून बाप्तिस्म्याचें प्रमाणपत्र आणि हिशेब शिकल्याबद्दल एखाद्या शिक्षकाची चिठ्ठी. हे अर्ज नीरस कां? कारण त्यांवर कांहींच ठरत नव्हतें. जागा संचालकाच्या शिफारशीनें मिळे. अर्ज हा केवळ उपचार. १८५३ च्या सनदेच्या कायद्यानें ही मिरास मोडली व १८५५ पासून लंडनमध्यें स्पर्धापरीक्षा सुरू झाली. यांतून एक नियम निघतो : जेथें वशिला निकाल देतो तेथें पत्र पोकळ होतें, आणि जेथें पत्र पोकळ झालेलें दिसतें तेथें निकाल दुसरीकडे कोठें तरी लागत असावा, असें समजण्यास हरकत नाहीं.

परंतु ज्याला शिफारस नाहीं, परीक्षेची पदवी नाहीं, घराणें नाहीं, त्यानें काय करावें? याचें उत्तर १८१२ सालीं लंडनमधील एका बुकबाइंडरच्या हाताखालच्या मुलानें दिलें. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानांत तो बांधणीचें काम शिकला, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचतां वाचतां विज्ञानाकडे ओढला गेला. दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें दिलेल्या तिकिटांवर त्यानें रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हंफ्री डेव्ही याचीं चार व्याख्यानें ऐकलीं. आधीं त्यानें रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना विज्ञानाच्या कामांत कोणतीहि हलकी जागा द्यावी म्हणून लिहिलें होतें. त्याला उत्तर आलें नाहीं. १८१२ च्या अखेरीस त्यानें डेव्हीला लिहिलें. पण या वेळीं नुसतें पत्र धाडलें नाहीं. त्या चार व्याख्यानांचीं टिपणें सुवाच्य अक्षरांत उतरून, त्यांत आकृत्या काढून, स्वतःच्या हातानें बांधलेला सुमारें तीनशें पानांचा ग्रंथ त्यानें सोबत पाठविला. २४ डिसेंबरला डेव्हीचें उत्तर आलें.

दोन्ही पत्रें लिहिणारा एकच, त्याची गरज एकच. फरक पडला तो सोबतच्या ग्रंथानें. त्या ग्रंथांत हा मुलगा लक्ष देऊन ऐकतो, ऐकलेलें त्याला समजतें, समजलेलें तो नीट मांडतो, आणि त्याचा हात कुशल आहे, या चारहि गोष्टी एकाहि विशेषणावांचून सिद्ध झाल्या होत्या. आणि प्रयोगशाळेंतल्या मदतनिसाच्या अंगीं नेमके हेच गुण लागतात. असें असूनहि जागा तात्काळ मिळाली नाहीं. भेटींत डेव्हीनें त्याला हातचा धंदा न सोडण्याचाच सल्ला दिला. पण थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेंतल्या एका नोकराला भांडणापायीं काढून टाकावें लागलें, तेव्हां डेव्हीला आठवण झाली ती या पोराची. १ मार्च १८१३ रोजीं फॅरडेची नेमणूक झाली : आठवड्याला २५ शिलिंग, माथ्यावरच्या दोन खोल्या, आणि कोळसा व मेणबत्त्या. पुढें १८३१ सालीं विद्युच्चुंबकीय प्रवर्तनाचा शोध त्यानें लाविला तो याच इमारतींत. चांगल्या अर्जाचें काम जागा निर्माण करणें हें नव्हे. जागा निर्माण होईल त्या दिवशीं आठवण राहावी हें होय.

आतां आपल्या देशाकडे येऊं. येथें विश्वविद्यालयें स्थापन झाल्यावर मॅट्रिक व एफ. ए. या परीक्षा सरकारी नोकरीच्या मोजपट्ट्या बनल्या, आणि अर्जाची भाषा जुनीच, फक्त इंग्रजी पोषाख चढविलेली अशी राहिली. तिचा एक नमुना जगप्रसिद्ध मनुष्याचा आहे. ९ फेब्रुवारी १९१२ रोजीं श्रीनिवास रामानुजन् यांनीं मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसांकडे कारकुनीसाठीं अर्ज केला. चार-पांच वाक्यांचें तें पत्र. मॅट्रिक झालों, एफ. ए. पर्यंत शिकलों, प्रतिकूल परिस्थितीमुळें शिक्षण थांबलें. सर्व वेळ गणितांत घालवीत आहें. काम नीट करीन अशी खात्री आहे. तरी कृपा करून नेमणूक द्यावी. इंग्रजींतील याचनेचें क्रियापद एवढ्याशा पत्रांत दोनदां आलें आहे. आदल्याच वर्षीं त्यांचा पहिला निबंध भारतीय गणित-परिषदेच्या नियतकालिकांत छापून आला होता. त्याचा निर्देश पत्रांत नाहीं. प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांची शिफारस सोबत होती, आणि १ मार्चपासून रामानुजन् कामावर रुजू झाले.

याच हातानें अकरा महिन्यांनीं, १६ जानेवारी १९१३ रोजीं, केंब्रिजच्या जी. एच्. हार्डी यांना दुसरें पत्र लिहिलें. तें नोकरीसाठीं नव्हतें. तरी त्यावरच त्यांचें पुढील सर्व आयुष्य अवलंबून होतें. पहिल्या पत्रांत शिक्षणाला आघाडी होती आणि गणिताला एक वाक्य. दुसऱ्यांत वर्षाला वीस पौंड पगाराचा कारकून, विश्वविद्यालयाचें शिक्षण नाहीं, एवढ्यांतच स्वतःची ओळख उरकली आणि उरलेली सर्व जागा गणिताला दिली. हार्डींच्याच एका पुस्तिकेचें पान सांगून, तेथें अविभाज्य संख्यांविषयीं आपण जें अद्याप सांपडलें नाहीं म्हणतां तें मला सांपडलें आहे, असें त्यांनीं लिहिलें. आणि सोबत शंभराहून अधिक सिद्धांतांचीं पानें जोडलीं. वाचणाराचें अडलेलें काम ओळखण्याची लिओनार्दोची युक्ति आणि काम हातांत ठेवण्याची फॅरडेची युक्ति येथें एकत्र आल्या आहेत.

यांतील शिकवणीचा भाग पुढेंच आहे. अविभाज्य संख्यांविषयींचा रामानुजन् यांचा तो दावा कसोटीला उतरला नाहीं. त्यांत चूक होती. पण जोडलेल्या पानांतील कित्येक सिद्धांत असे होते कीं, ते रचणारा पहिल्या प्रतीचा गणिती असला पाहिजे, अशी हार्डी व लिटलवुड यांची तीं पानें चाळतांच खात्री पटली. दावा पडला, प्रमाण उभें राहिलें. ८ फेब्रुवारीला हार्डींनीं उत्तर लिहिलें. त्याच वर्षीं मद्रास विश्वविद्यालयानें दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ति दिली. मार्च १९१४ मध्यें रामानुजन् विलायतेस निघाले, आणि १९१८ सालीं रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रमाण पुरेसें असतें तर बँक्स यांनीं फॅरडेला आणि केंब्रिजच्या इतर गणितज्ञांनीं रामानुजन् यांना ओळखावयास नको होतें काय? आक्षेप अर्धा खरा आहे. बँक्स यांच्याकडे गेलेल्या पत्राला प्रमाणाची जोड नव्हती. पण हार्डींच्या आधीं रामानुजन् यांनीं ज्यांना लिहिलें होतें त्यांच्याकडून कांहीं मदत आली नाहीं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. उलट पोर्ट ट्रस्टमध्यें नारायण अय्यर हे गणिताचे जाणते अधिकारी होते, आणि अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनीं एका कारकुनाच्या वहींत मन घातलें. अर्ज हें दोन माणसांचें काम आहे. लिहिणाराचा भाग प्रमाण ठेवण्याचा, वाचणाराचा भाग तें उघडून पाहण्याचा. जे अर्ज वाचतात त्यांच्याविषयीं आपण फारच कमी लिहितों. वास्तविक निम्मा दोष किंवा निम्में पुण्य त्यांच्या पदरीं पडावयास हवें. उत्तर न मिळालेल्या पत्रांचा इतिहास कोणीच लिहिणार नाहीं, कारण तीं पत्रें उरतच नाहींत.

हा विचार आज जुन्या काळापेक्षां अधिक निकडीचा झाला आहे. एका जागेसाठीं शेंकड्यांनीं अर्ज येतात, कित्येक ठिकाणीं त्यांची पहिली चाळणी यंत्रच करतें, आणि अर्जासोबतचें पत्रहि मागेल त्याला यंत्र क्षणांत लिहून देतें. तें पत्र व्याकरणशुद्ध असतें, नम्र असतें, उत्साहीहि असतें. पण जी सफाई सर्वांनाच फुकट मिळते, ती कोणाचीच लायकी सिद्ध करीत नाहीं. पूर्वी मायना अचूक साधणें हा निदान शिकल्याचा पुरावा होता. आतां तोहि उरला नाहीं. अशा वेळीं जुन्या पत्रांनीं दाखविलेली वाटच मोकळी राहते. ज्याला लिहावयाचें त्याचें काम काय, तें कोठें अडलें आहे, हें आधीं शोधून काढावें. त्या कामाशीं लागू पडेल अशी आपण केलेली एक किंवा दोनच कामें निवडून, तीं पाहतां येतील अशा रीतीनें पुढें ठेवावीं. आपली गरज एका वाक्यांत सांगावी. ती लपवूं नये, पण तिच्यावर भारहि टाकूं नये, कारण गरज सर्वांचीच असते. मागणी स्पष्ट करावी, आणि पत्र एका पानांत संपवावें. विशेषणें वाचणारासाठीं ठेवावीं. पुरावा पटला तर तीं तो आपण होऊन लावील.

‘उमेदवार’ हा शब्द आपण टाकून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. आशेवांचून कोणी पत्र लिहीत नाहीं. फॅरडेनें तो ग्रंथ बांधला तो कोणी मागितला म्हणून नव्हे, आणि रामानुजन् यांच्या वह्या तर हार्डींचें नांव ऐकण्याच्या कितीतरी आधीं भरल्या होत्या. त्यांची आशा रिकाम्या हातानें दाराशीं बसलेली नव्हती, एवढाच त्यांच्यांत आणि इतर उमेदवारांत फरक. म्हणून तरुण वाचकांना आमचें सांगणें इतकेंच कीं, पत्र शेवटीं लिहावें. जें पत्रासोबत जोडावयाचें, तें आधीं तयार करावें.